ओटीवरच्या गप्पा : सेवेला गेलेला भाचा



गेल्या सहभोजनाच्या दिवशी पंगती उठल्यावर आपल्यातल्याच एका वहिनींनी मला गाठलं. त्यांचा धाकटा मुलगा अमेरिकेत शिकतो. त्याच्या खोलीत राहणारा मित्र मॉर्मन पंथाचा. कॉलेज मध्येच थांबवून हा मित्र दोन वर्षांसाठी ब्राझीलला धर्मसेवेला गेला. वहिनींना त्याचं फार नवल वाटत होतं.

"अहो भाऊ, विशीच्या आतलं पोर! पोर्तुगीज भाषा शिकायची, पगार नाही, उलट खर्च घरच्यांनी करायचा आणि दोन वर्षं घरी पाऊल टाकायचं नाही. तुमच्यात असं कुणी जातं का हो?"

मी तेव्हा "सवडीने सांगतो" म्हणून सुटका करून घेतली. ती सवड आज काढली आहे. वहिनींनी विचारलं एकट्याने, पण उत्तर सगळ्यांनी ऐकावं असं वाटतं.

त्या मॉर्मन मुलांची शिस्त खरोखर कडक असते. मुलगे अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात आणि दोन वर्षं राहतात. मुली दीड वर्ष. कुठल्या देशात जायचं हे त्यांनी ठरवायचं नसतं. छातीवर नावाची पट्टी लावायची आणि सदैव जोडीदाराबरोबरच राहायचं. २०१९ पर्यंत तर घरी फोनसुद्धा वर्षातून दोनदाच करता येई, मातृदिनाला आणि नाताळला. आता आठवड्याला बोलता येतं. जेद्द्यात नवीन आलो तेव्हा टेलिफोनच्या दुकानाबाहेर रांगेत उभे राहिलेल्या आपल्यासारख्यांना त्या आयांची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

धर्म सांगत गावोगाव फिरणारे आमच्यातही आहेत. पण वहिनींनी विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आला तो माझा भाचा. तो मक्केला गेला, पण कुणाला धर्म सांगायला नव्हे. जे आधीच श्रद्धेने आले होते त्यांना नीट चालवायला, नीट परत न्यायला. त्याला म्हणतात खादिम-उल-हुज्जाज, म्हणजे हाजींचा सेवक.

आपल्याकडून हज कमिटीमार्फत जे यात्रेकरू येतात त्यांच्याबरोबर हे खादिम पाठवले जातात. मुसलमान सरकारी नोकरांमधूनच त्यांची निवड होते. कुणी शिक्षक, कुणी पोलीस, कुणी कचेरीतला कारकून. २०२४ च्या हजला साधारण दोनशे हाजींमागे एक खादिम होता. २०२५ पासून त्यांना 'राज्य हज निरीक्षक' म्हणतात आणि दीडशेमागे एक नेमतात. नाव भारदस्त झालं, काम तेच आहे. घरच्या माणसांना बरोबर आणायचं नाही, आणि आधी हाजींचं काम, मग आपली इबादत, ही पहिली अट.

माझा भाचा रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. २०२४ साली त्याचा नंबर लागला. त्याच्या आदल्या वर्षी त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, वारली. आपाने हजसाठी पै-पै साठवली होती आणि ती शेवटी दवाखान्यात गेली. फोनवर पोरगं मला म्हणालं, "मामू, मी सेवेला चाललोय हे खरं, पण अराफातच्या दिवशी अम्मीसाठी दुआ मागायची एवढं मनात धरून चाललोय." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अराफातच्या मैदानात दुपारपासून सूर्य मावळेपर्यंतची वेळ म्हणजे सगळ्या हजचं काळीज. इतर काही राहिलं तर त्याची भरपाई असते, अराफात चुकलं तर हजच चुकला.

तो आला तेव्हा मला वाटलं, जेद्द्यापासून मक्का ऐंशी किलोमीटरच्या आत, जाऊन येऊ. पण हजच्या मोसमात आम्हा इथल्या मुसलमानांनाही परवान्याशिवाय मक्केत जाता येत नाही. तेव्हा त्याची हकीगत मला रोज रात्री फोनवरच कळायची.

अझीझिया भागात त्यांची इमारत होती. पहिले चार दिवस तो नुसता जिने चढत-उतरत होता. इमारतीची लिफ्ट लहान आणि माणसं दोनशे. कुणाची बॅग दुसऱ्याच्या खोलीत गेलेली, कुणाला खोलीचं कुलूप उघडत नाही, कुणी मधुमेहाच्या गोळ्या घरीच विसरलेलं. भारत सरकार दरवर्षी डॉक्टर आणि नर्सेस पाठवून मक्केत तात्पुरती रुग्णालयं, दवाखाने उभारतं. तिथे कुणाला ना कुणाला घेऊन जाणं हे त्याचं रोजचं काम. हरम शरीफला बसने न्यायचं. तवाफच्या सात फेऱ्या. मग सफा-मरवाच्या सात खेपा, त्या तेवढ्याच तीन किलोमीटरच्या वर होतात. ज्यांना चालवत नाही त्यांची चाकाची खुर्ची ढकलायची. "मामू, वर्गात चाळीस पोरं सांभाळतो तेव्हा वाटायचं आपण दमतो," तो म्हणाला.

हरवलेली माणसं शोधणं हे खादिमाचं मुख्य काम. हरमसमोर सहाशे मीटर उंच घड्याळाचा बुरूज आहे. तो लांबून दिसतो, त्यामुळे सगळे त्याचीच खूण धरतात आणि सगळेच चुकतात, कारण तो सगळीकडूनच दिसतो. बीड जिल्ह्यातली एक आजी अशीच चुकली. चार तासांनी ती त्याला एका दरवाज्याजवळ सापडली. पाय भाजलेले, कारण चपला दाराशी काढून ठेवल्या होत्या आणि बाहेर पडली दुसऱ्याच दाराने. रडत नव्हती. म्हणाली, "लेकरा, घड्याळ दिसतंय, पन घर दिसंना." उर्दू येत नव्हती, हिंदी मोडकी. आजूबाजूला शंभर देशांची माणसं, आणि चार तासांनी मराठी ऐकल्यावर तिने याचा हात जो धरला तो बसमध्ये बसेपर्यंत सोडला नाही. आपल्या चपला त्याने तिला दिल्या आणि स्वतः मोज्यांवर चालला. बसमध्ये तिने चौकशी केली. घर कुठलं, बायकोपोरं किती, आई आहे का. नाही म्हटल्यावर आईचं नाव विचारलं. याने सांगितलं आणि विसरून गेला.

मोठ्या कामापुढे मनाची तयारी असते, पण एक काम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या गटातले एक वृद्ध गृहस्थ हजच्या आधीच हृदयविकाराने गेले. हाजी इथे वारला तर त्याला इथेच दफन करतात, हे अर्ज भरतानाच मान्य केलेलं असतं. हरममध्ये जनाज्याची नमाज होते, हजारो अनोळखी माणसं त्यात उभी राहतात, आणि शराया कब्रस्तानात माती दिली जाते. आमच्या लोकांत याला भाग्य मानतात. पण गावाकडे मुलाला फोन करून ते भाग्य सांगायचं कुणी? भाच्याने केला. पलीकडचा मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग एवढंच विचारलं, "सर, तुम्ही होता ना तिथं?" तो हो म्हणाला. त्या रात्री आमच्या फोनवर तो आणखी काही बोलला नाही.

१५ जून २०२४, शनिवार, अराफातचा दिवस. त्या वर्षीचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. दोनच दिवसांनी, १७ जूनला, हरममध्ये ५१.८ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. त्या हजमध्ये १,३०१ माणसं दगावल्याचं सौदी सरकारने जाहीर केलं. त्यांतली बहुतेक परवान्याविना आलेली, म्हणजे ज्यांना तंबू नाही, बस नाही, भर उन्हात पायी चाललेली. माझ्या आप्तांना मी तेव्हापासून हात जोडून सांगतो, चोरवाटेने हज करू नका.

परवाना असला, तंबू असला तरी ऊन कुणाला सोडत नाही. त्या दुपारी बीडच्या आजीचे यजमान तंबूतच चक्कर येऊन पडले. अंग तापलेलं, घाम बंद, बोलणं असंबद्ध. भाच्याने त्यांच्या मानेला, काखेत बर्फ लावला, ओली फडकी घातली, पंखा मारत राहिला. उचलून उपचार केंद्रात नेलं, तिथे रांगेत उभा राहिला, सलाईन लागेपर्यंत त्यांचे पाय धरून बसला. ते शुद्धीवर आले. तो बाहेर आला तेव्हा सूर्य मावळला होता आणि मुझदलिफाला जायच्या बसेस लागत होत्या.

रात्री उशिरा मुझदलिफाच्या उघड्या मैदानातून फोन आला. "मामू, राहिलं. अम्मीचं नाव घ्यायचं राहिलं." मी त्याला समजावलं, की बाबा, तू केलंस ती दुआच होती. मौलवीसाहेबही हेच सांगतील. पण मंडळी, समजूत घालणं सोपं आणि समजूत पटणं अवघड. पुढचे आठ दिवस फोनवर तो फक्त कामाचं बोलायचा.

हजचे दिवस उलटून रस्ते मोकळे झाल्यावर मी डबा घेऊन अझीझियाला गेलो. सांदणं आणि सोलकढी, त्याच्या आईच्या हातची नाही पण आमच्या सौ.च्या हातची. त्याच्या गळ्यात ओळखपत्र, पाठीला पिशवी, तोंड रापलेलं. आम्ही जिन्याजवळ बसलो होतो तेवढ्यात बीडची आजी खाली आली. मी मामा म्हटल्यावर माझ्याजवळ टेकली आणि आपण होऊन म्हणाली, "तुमची बहीन ना ती? तिचं नाव घेतलं बरं का मी अराफातला. हे लेकरू आमच्या मालकाचे पाय धरून बसलेलं, त्याला कुठली सवड? म्हनलं आपन घ्यावं."

भाचा काही बोलला नाही. उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

मंडळी, आपल्या पंढरीच्या वाटेवरही वारकऱ्यांचे पाय चेपणारे, पाणी देणारे, चपला शिवून देणारे असतात. त्यांच्यातल्या कितींना विठोबाचा चेहरा दिसतो? तेही त्याच जातीचे. कोकणातल्या कितीतरी घरांतले खलाशी मुंबईच्या बोटींवर होते, आणि हाजींना जेद्द्याला आणणाऱ्या बोटी १९९५ पर्यंत चालत होत्या. माझे आजोबा त्यांतलेच. हाजी उतरवायचे, परतीचा माल चढवायचा, आणि मक्का न पाहता माघारी. सेवा करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा दाराबाहेरची जागा येते.

आता थोडं उपयोगाचं. तुमच्यापैकी कुणाचे आईवडील, सासूसासरे, शेजारी गावाहून हजला येणार असतील, तर भाच्याने सांगितलेल्या गोष्टी त्यांना आधीच कळवा.

चपला दाराशी काढू नका, पिशवीत घालून बरोबर ठेवा. इमारतीचा क्रमांक आणि खादिमाचा फोन कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची नाही. हज कमिटीचं ओळखपत्र, हातातलं कडं आणि नुसुक कार्ड आंघोळीलाही काढून कुठे विसरू नका. औषधं दोन ठिकाणी वाटून ठेवा. भेटायची खूण म्हणून घड्याळ ठरवू नका, दरवाज्याचा क्रमांक ठरवा. आणि उन्हात घाम येणं थांबलं तर ते बरं लक्षण नव्हे, लगेच कुणाला तरी सांगा. हज दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो, त्यामुळे ऊन हळूहळू उतरेल, पण तोवर जपायला हवं.

आपल्या मंडळातल्या ज्यांना मक्केच्या हद्दीत जाता येत नाही त्यांनीही मनात आणलं तर करण्यासारखं आहे. केरळची मंडळी वर्षानुवर्षं मीनातल्या हाजींना कंजी पुरवत आली आहेत. कंजी म्हणजे आपली पेजच की! पेज शिजवायला, डबे भरायला, मराठीत चार ओळींचे कागद लिहून द्यायला हद्द आड येत नाही. पुढच्या बैठकीत हा विषय मांडायचा विचार आहे. पाठिंबा द्यावा ही विनंती.

आणि वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. आमच्यातही जातात. दोन वर्षं नाही, दीड महिनाच. ब्राझीलचा तो मुलगा परत आला की तुमच्या लेकाला सांगा, किती जणांना धर्म सांगितलास हे विचारू नको, कुणाकुणाच्या चपला शोधून दिल्यास ते विचार. मला खात्री आहे, त्याच्याकडेही एक आजी असेल.

भेटू पुढच्या अंकात.