दिव्याचाही उतारा बघा



ऊस काट्यावर आला की टन मोजतात, पण साखर किती पडली ते उताऱ्यावरच कळतं. हे आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक आहे. मग घरात दिवा घेताना आपण नुसते वॅट का विचारतो? वॅट म्हणजे दिव्यानं खाल्लेली वीज. दिलेला उजेड लुमेनमध्ये मोजतात. एका वॅटमागे किती लुमेन, तोच दिव्याचा उतारा!

साठ वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० लुमेन देतो, म्हणजे वॅटमागे बाराच्या आसपास. बाकी वीज उष्णतेत जाते. चांगला एलईडी दिवा वॅटमागे शंभराच्या घरात देतो. हिशेब करून बघा. चार पिवळे बल्ब रोज पाच तास लागले, तर महिन्याला ३६ युनिट होतात. नऊ वॅटचे चार एलईडी लावले, तर साडेपाचही होत नाहीत. तीस युनिट वाचले आणि उजेड कमी झाला नाही.

हा उतारा गिऱ्हाइकाला कळावा म्हणून नियम आहेत. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. त्याखालच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं ताऱ्यांचं लेबल ट्यूबलाईटला २०१० मध्ये व एलईडी दिव्याला २०१८ मध्ये सक्तीचं झालं. जास्त तारे म्हणजे जास्त उतारा.

कोणी म्हणेल, "मोटारीपुढं दिव्याचं काय घेऊन बसलात?" पण घराचं वीजबिल दर महिन्याला दारात येतं, उसाचं बिल तसं येतं का? मधले महिने ज्यांनी काढलेत, त्यांना तीस युनिटांची किंमत सांगायला नको.

मात्र नियम कागदावर राहून भागत नाही. आठवडी बाजारात बिनखोक्याचे, बिनलेबलाचे दिवे सर्रास मिळतात. मीही स्वस्त म्हणून दिवाळीला चार आणले. संक्रांतीपर्यंत तीन गेले. तक्रार कोणाकडं करणार? पावती नाही, खोकं नाही.

म्हणून सुचवावंसं वाटतं, की सहकारी ग्राहक भांडारांनी लेबल असलेलेच दिवे ठेवावेत व पावती द्यावी. सभासदांनीही खोक्यावरचे तारे व लुमेन वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आज कित्येक साखर कारखाने बगॅसवर वीज करून विकतात. अशा कारखान्यांच्या मालकांच्या घरीच वीज वाया जावी, हे शोभत नाही.

वार्षिक सभेत याचा विचार व्हावा, ही विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद