सोबतीला बाई ठेवताना

'डॉक्टर, आईजवळ एखादी विश्वासू बाई सुचवा ना!' मुलगा-सून पुण्याला, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आई इथे गावात. असा प्रश्न हल्ली आठवड्यातून एकदा तरी येतो. मी उलट विचारतो, बाई नेमकी कशासाठी हवी? अंघोळ, भरवणे, कूस बदलणे ही कामे अनुभवी मावशी उत्तम करते. शिरेतून इंजेक्शन देणे, लघवीची नळी घालणे हे मात्र शिकलेल्या परिचारिकेचे काम. तिच्याकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणीपत्र असते. ते बघायला मागण्यात संकोच कसला? ब्युरोवाल्याने 'सिस्टर' म्हटले म्हणून कोणी सिस्टर होत नाही.

आधार कार्ड, पोलीस पडताळणी, आधीच्या दोन घरी चौकशी, हे सारे कराच. पण कागदावरून माणसाचा हात कळत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस घरातल्या कोणीतरी रजा काढून थांबावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आजींना उठवताना ती लुळा हात धरून ओढते का? त्याने खांदा दुखावतो, कधी सांध्यातून सरकतो. आधी कुशीवर वळवून, पाय खाली सोडून, मग आधार देऊन बसवणारी बाई कामाची. भरवताना उशा लावून नीट बसवते, की आडव्याच चमचा तोंडात घालते? घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियाची भीती असते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलली जाते ना? माकडहाड आणि टाचा रोज स्वतः पाहा. बोटाने दाबूनही न जाणारी लाली दिसली, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी. आणि बाई खोलीत नसताना आजींनाही विचारा. बोलता येत नसेल तर ती जवळ येताच त्यांचा चेहरा कसा होतो ते बघा.

दागिने, पासबुक, एटीएम कार्ड कुलपात असावे. त्यात बाईचीही सोय आहे, उगाच आळ येत नाही.

चोवीस तास एकच बाई ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे. रात्री चारदा उठलेली बाई दुपारी पेंगणारच, आणि पेंगलेल्या हातातून माणूस निसटतो. पैसे कमी असतील तर रात्रपाळी घरच्यांनी करावी. ब्युरो किती कापतो आणि तिच्या हाती किती पडतात, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्या. हाती फार थोडे पडत असतील तर महिन्याभरात ती दुसरे घर धरील, आणि आजींना पुन्हा नव्या हाताची सवय करावी लागेल.