फुकटच्या सरपणाचा हिशेब

मिरगाच्या तोंडावर कोकणातल्या घरांत एक काम उरकलेले असावे लागते. पडवीत, मांगरात, चुलीवरच्या माळ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांचे सरपण रचून ठेवायचे. याला बेगमी म्हणतात. तिच्यासाठी भर उन्हाळ्यात लाकडाचे भारे बहुतेक बायकांच्याच डोक्यावरून घरी येतात. अशा बाईच्या परसात एका दुपारी आंबा, फणस आणि पोफळीची अख्खी ओळ आयती येऊन पडली, तर तिला ते संकट वाटेल की घबाड? 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या अनेक घरांत ही दोन्ही उत्तरे एकदमच खरी ठरली. वर्षानुवर्षे वाढवलेली बाग गेली, जळण मात्र दारात आले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले आणि पुन्हा झाडे आडवी झाली.

या दोन वादळांत रस्ते मोकळे केले ते ‘वूडकटर’ने, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉने. कुऱ्हाडीला अर्धा दिवस लागेल तो बुंधा हे यंत्र काही मिनिटांत कापते. पूर्वी ते वनखात्याकडे आणि लाकूड व्यापाऱ्यांकडे असायचे. आता बागायतदाराच्या घरी असते, नाहीतर गावात भाड्याने मिळते. वादळ नसले तरी रस्तारुंदीकरणात पडलेली झाडे, वाळलेले आंबे, पावसात मोडलेल्या फांद्या असे फुकटचे लाकूड मिळतच असते. ते आणणे गैर नाही. गॅस परवडत नाही तिथे तर ती निकड आहे. मात्र या लाकडाची किंमत रुपयांत मोजावी लागत नाही म्हणून ती नसतेच असे आपण धरून चालतो, आणि नेमके तिथे चुकतो. ती आधी कापणाऱ्याच्या हातापायांकडून वसूल होते आणि नंतर चुलीपुढच्या बाईच्या फुप्फुसांकडून.

आधी कापणाऱ्याचे पाहू. साखळीच्या करवतीचा जन्म जंगलात झाला नाही, शस्त्रक्रियेच्या खोलीत झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश वैद्यांनी अडलेल्या बाळंतपणात कटिबंधाचे हाड कापण्यासाठी दातेरी साखळी वापरली. पुढे 1830 मध्ये बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्याने हाताने फिरवायची हाडे कापणारी साखळी-करवत तयार केली. हाड कापणे हे या अवजाराचे मूळ कामच होते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. आजच्या यंत्राची साखळी पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे 20 मीटर, म्हणजे ताशी 70 किलोमीटरच्या आसपास धावते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लागला की पट्टी उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, मानेकडे येते. हा झटका इतका वेगवान असतो की माणसाला हात आवरायला वेळच मिळत नाही. म्हणून यंत्राला साखळी-ब्रेक दिलेला असतो. तो नादुरुस्त असेल तर यंत्र सुरूच करू नये.

वादळात पडलेले झाड तर उभ्या झाडापेक्षा फसवे. दोन्ही टोकांना टेकलेल्या ओंडक्याची वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. वरून सरळ कापत गेले तर पट्टी आत चिमटली जाते. अशा वेळी वरून तिसरा हिस्सा कापून उरलेला काप खालून घ्यायचा असतो. एकाच टोकाला टेकलेल्या ओंडक्यात हे उलटे होते. दुसऱ्या झाडाखाली वाकून अडकलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते. सोडली की अंगावर येते. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मातीचा तो भलामोठा गड्डा कधी कधी झपकन पुन्हा खड्ड्यात उभा राहतो. बघ्या पोरांना नेमके तिथेच उभे राहायला आवडते. शिवाय फांद्यांत विजेची तार गुंतलेली असेल, तर महावितरणकडून प्रवाह बंद असल्याची खात्री होईपर्यंत झाडाला हातही लावू नये.

इतक्या धोक्याचे हे काम आपल्याकडे कोण करते आणि कसे? रोजावर आलेला एखादा तरुण, गुडघ्यापर्यंतची पँट, पायात स्लीपर, डोळ्यांवर काही नाही, कानांत काही नाही. यंत्राचा आवाज 100 ते 110 डेसिबल असतो. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आवाजात आठ तास काम करता येते. 100 डेसिबलला ही मर्यादा 15 मिनिटांवर येते. दिवसभर हादरे खाणाऱ्या हातांच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. बोटे बधिर होतात, गारठ्यात पांढरीफटक पडतात. जुना आजार पुरता बरा होईलच असे नसते. जखमा सर्वाधिक होतात त्या पायांना आणि डाव्या हाताला. पायांसाठी खास विजार मिळते. तिच्या आतल्या अस्तरात लांब, चिवट धागे असतात. साखळी कापडाला लागली की ते धागे ओढले जाऊन यंत्रात गुंततात आणि साखळी थांबते. विजार फाटते, मांडी वाचते. यंत्र घेताना किमतीची घासाघीस करणारे आपण ही विजार, शिरस्त्राण, जाळीचा मुखवटा आणि कानांचे संरक्षण मात्र ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देतो.

आता दुसरा हप्ता, चुलीचा. ताज्या तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. दहा किलोचा भारा आणला, तर त्यात पाच लिटर पाणी वाहून आणले असे समजावे. हे पाणी वाफ होताना उष्णता खाते, पण खरे नुकसान वेगळेच आहे. त्या वाफेमुळे जाळ थंड राहतो. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात आणि ते पुरेशा उष्णतेतच पूर्ण जळतात. जाळ थंड असला की ते न जळता धूर होऊन बाहेर पडतात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, बेंझीन आणि फॉर्मल्डिहाइड असतात आणि फुप्फुसांच्या तळापर्यंत पोचणारे अतिसूक्ष्म कण असतात. फुंकणीने फुंकून फुंकून डोळ्यांना धारा लागतात, तेव्हा ते लाकूड तुम्हाला ‘मी अजून ओला आहे’ एवढेच सांगत असते.

या धुराची मोजदाद झालेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगात 32 लाख मृत्यू झाले आणि त्यांत पाच वर्षांखालची 2 लाख 37 हजारांहून अधिक बालके होती. लहान मुलांचा न्यूमोनिया, विडीला कधी हात न लावलेल्या बायकांचा जुनाट दमा वाटणारा ‘सीओपीडी’, मोतीबिंदू आणि कमी वजनाची बाळे यांचा चुलीच्या धुराशी संबंध आहे. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघरी सिलिंडर पोचले. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सुमारे 59 टक्केच कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी आढळली. सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि परसात फुकट लाकूड पडलेले असते, तेव्हा हात कुठे वळणार हे सांगायला तज्ज्ञ नको. म्हणून चूल वापरूच नका असे बजावण्यापेक्षा लाकूड वाळवून वापरा, हे सांगणे आज अधिक उपयोगाचे आहे.

आपल्या आज्या-पणज्यांची बेगमी हेच सांगत होती. उन्हाळाभर तापलेले लाकूडच माळ्यावर चढायचे. जूनच्या वादळात पडलेले झाड त्याच पावसाळ्यात जाळायचे नसते. ती पुढच्या वर्षाची बेगमी. बुंधा अख्खा ठेवला तर सालीआडून पाणी सुटत नाही. म्हणून आधी चुलीच्या मापाचे तुकडे करावेत आणि ते फोडावेत. खाली दोन वासे टाकून रास जमिनीपासून उचलावी, वर पत्रा असावा, चारी बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. सहा महिने ते वर्षभराचा अवधी द्यावा. लाकूड वाळले हे ओळखायला उपकरण लागत नाही. टोकांना भेगा पडतात, साल सुटते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. खात्री हवी असेल तर एक तुकडा खूण करून दर महिन्याला दुकानातल्या काट्यावर तोलावा. वजन उतरायचे थांबले की तो जाळावा. रंगवलेल्या चौकटी आणि प्लायवूड मात्र वाळले तरी चुलीत घालू नये. त्यांच्या धुरातले विष वेगळे असते.

रास घराच्या भिंतीला लावूनही रचू नये. तिच्यात फुरसे आणि विंचू घर करतात. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवून दिले. त्याने कोकणातले असंख्य जीव वाचले. तरीही रासेत हात घालण्याआधी काठीने ती हलवून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

व्यक्तीने काय करावे ते हे. पण सगळा भार व्यक्तीवर टाकून चालणार नाही. किनाऱ्यावर वादळे येतच राहणार आहेत आणि आपत्तीच्या निधीतून ग्रामपंचायती यंत्रे घेणार आहेत. तेव्हा दोन नियम आजच घालून घ्यावेत. पहिला, यंत्रासोबत संरक्षक विजार, शिरस्त्राण, कानांचे संरक्षण आणि चालवणाऱ्याचे रीतसर प्रशिक्षण नसेल तर त्या खरेदीला मंजुरीच मिळू नये. दुसरा, रस्त्यावरून हटवलेले लाकूड कडेला कुजत न ठेवता गावाच्या एका छपराखाली फोडून वाळवावे आणि पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस गरजू घरांना वाटावे. एका पत्र्याच्या शेडचा खर्च आणि एका विजारीची किंमत कुठल्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहे. गमावलेला पाय किंवा धुराने निकामी झालेले फुप्फुस कोणत्याही पंचनाम्यात भरून मिळत नाही.