दुखणं लपवणं म्हणजे बहादुरी नव्हे

तेजपूरहून तवांगकडे आमचा कॉन्व्हॉय निघाला होता. सेला खिंडीच्या अलीकडे गाड्या थांबल्या. आमचा ड्रायव्हर, साताऱ्याकडचा गडी, उतरला तो उजवा पाय ओढतच. विचारलं तर म्हणाला, "काही नाही साहेब, बसून बसून आखडलाय." खरं तर दोन महिने त्याच्या कुल्ल्यातून मांडीमागे कळ जात होती. एम.आय. रूमला तो गेलाच नव्हता. मेडिकल कॅटेगरी घसरली तर बढती अडकेल, ही धास्ती.

पुढे डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोष पिरिफॉर्मिस या स्नायूचा. लॅटिन नावाचा अर्थ नाशपातीच्या आकाराचा. कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूखाली तो दडलेला असतो. माकडहाडाच्या वर जे त्रिकास्थी असतं, त्याच्या आतल्या बाजूला तो सुरू होतो, कमरेच्या हाडाजवळच्या मोकळ्या जागेतून बाहेर पडतो आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्याला जोडला जातो. सावधानमध्ये टाचा जुळवून आपण पंजे उघडतो ना, तेव्हा मांडी बाहेर वळवणाऱ्या स्नायूंपैकी हा एक.

त्याच्या शेजारून शरीरातली सर्वांत जाड नस, सायटिक, पायात उतरते. बहुतेकांत ती या स्नायूच्या खालून जाते, काहींत तिचा एक भाग स्नायूमधूनच जातो. स्नायू आखडला की नस दाबली जाते. तासन् तास कडक सीटवर बसणं आणि मागच्या खिशात जाडजूड पाकीट, दोन्ही त्याला पूरक.

अशीच कळ मणक्याच्या गादीमुळेही येते, आणि तेच कारण जास्त आढळतं. म्हणून निदान लंगरमध्ये बसून करू नये. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर एक तासही थांबू नये.

आमच्या ड्रायव्हरला विश्रांती, ठराविक ताण देण्याचे व्यायाम आणि फिजिओथेरपीने आराम पडला. पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर दोन महिन्यांचा त्रास वाचला असता.

माझं मत स्पष्ट आहे. चूक एकट्या जवानाची नाही. दुखणं सांगणाऱ्याला आपण 'बहाणेबाज' म्हणतो, म्हणून तो गप्प बसतो. गाडीचा स्प्रिंग कुरकुरला तर आपण लगेच लॉगबुकात नोंदवतो. माणसाचंही तितक्याच सहज नोंदवता आलं पाहिजे. घाटात स्टिअरिंग त्याच्या हातात असतं आणि मागे वीस जण बसलेले असतात.

जय हिंद.