कोणते गायकवाड ?

जून महिन्यांत शाळा उघडली त्याच आठवड्यांतील गोष्ट. सहाव्या इयत्तेंत एक नवा विद्यार्थी दाखल झाला होता. हजेरीच्या वेळीं वर्गशिक्षकांनीं त्याचें आडनांव वाचलें, "गायकवाड", आणि लागलीच शेजारच्या बाकावरून हळूच प्रश्न आला, "कोणते गायकवाड?" विचारणारा मुलगा कांहीं दुष्ट नव्हता. घरीं वडीलधारीं माणसें पाहुण्यांस जें विचारतात, तेंच त्यानें विचारलें. परंतु नव्या मुलानें मान खालीं घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाहीं, आणि मधल्या सुटींत त्यानें आपला डबा व्हरांड्याच्या टोकास एकट्यानें बसून खाल्ला.

हें पाहून आम्हांस वाईट वाटलें. त्याहून अधिक लाज वाटली, कारण हा प्रश्न मुलांनीं आम्हां मोठ्यांकडूनच उचललेला आहे. प्रवेशाचा अर्ज हातीं येतांच आमची नजर मुलाच्या नांवावर न थांबतां आडनांवाकडे धांवते. आडनांवावरून उलगडा झाला नाहीं तर आम्ही मूळ गांव विचारतों, मामांचें आडनांव विचारतों, आणि मनाजोगतें उत्तर मिळाल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. विचारण्याचा हेतु एकच असतो आणि तो सर्वांस ठाऊक असतो. म्हणून यंदाच्या अंकांत त्या प्रश्नाचाच विचार करावा असें आम्हीं ठरविलें. त्याचें उत्तर शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं; तें आपल्याच नाशिक जिल्ह्यांत आहे.

आपल्या नांदगांव तालुक्यास लागूनच मालेगांव तालुका आहे. त्यांतील कवळाणें ह्या खेड्यांत ११ मार्च १८६३ रोजीं एका शेतकरी कुटुंबांत गोपाळ काशीराव गायकवाड ह्याचा जन्म झाला. बाराव्या वर्षापर्यंत ह्या मुलास अक्षरओळखहि नव्हती. तिकडे बडोद्यास १८७५ सालीं गादीवरील मल्हारराव गायकवाड ह्यांस गैरकारभाराच्या आरोपावरून इंग्रज सरकारनें पदच्युत केलें, आणि दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई ह्यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याचें घराणें ही बडोद्याच्या राजघराण्याची एक दूरची शाखा होती. त्यामुळें निवड होऊन त्याच वर्षीं मे महिन्यांत गोपाळाचा सयाजीराव झाला. येथें आडनांवानें राज्य मिळवून दिलें हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मल्हाररावांचें आडनांव तरी निराळें कोठें होतें? तीच गादी, तेंच आडनांव. एकास तेथून उतरावें लागलें, आणि दुसऱ्यानें १८९३ सालीं अमरेली भागांत व १९०६ सालीं सबंध राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. बाराव्या वर्षीं पहिलें अक्षर गिरविणाऱ्या माणसास शाळेची किंमत कळली होती, असें आम्हांस वाटतें. गायकवाड ह्या नांवाचा त्यांत कांहीं वांटा नव्हता.

आतां जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूस, दिंडोरी तालुक्यांतील आंबें गांवीं चलावें. येथें १५ ऑक्टोबर १९०२ रोजीं भाऊराव कृष्णाजी गायकवाड जन्मले. लोक त्यांस कर्मवीर दादासाहेब म्हणून ओळखतात. ज्या समाजाच्या सावलीचाहि विटाळ मानला जाई, त्या समाजांत हे गायकवाड जन्मले. २ मार्च १९३० रोजीं नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारीं सत्याग्रह सुरू झाला. देवळाचे दरवाजे बंद ठेवण्यांत आले, सत्याग्रही बाहेर बसून राहिले, रामनवमीच्या रथाच्या वेळीं त्यांच्यावर दगड पडले. हा लढा सुमारें पांच वर्षें चालला, आणि नाशिकांत राहून तो चालविण्याचा भार प्रामुख्यानें दादासाहेबांनीं उचलला. पुढें १९५७ सालीं ते नाशिकांतून लोकसभेवर निवडून गेले. भूमिहीनांस जमीन मिळावी म्हणून त्यांनीं पुन्हां सत्याग्रह केले. १९६८ सालीं त्यांस पद्मश्री देण्यांत आली.

ह्या दोन गायकवाडांस जोडणारा एक दुवा आहे, आणि तोहि आडनांवाच्या दृष्टीनें मोठा विचार करण्यासारखा आहे. १९१३ सालीं सयाजीरावांनीं ज्या तरुणास शिष्यवृत्ति देऊन अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत शिकावयास धाडलें, त्याच डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं दादासाहेब काळारामाच्या दारीं उभे राहिले. आंबेडकरांच्या घराण्याचें आडनांव सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवें हें त्यांचें मूळ गांव. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत त्यांचें नांव दाखल झालें तें 'भिवा रामजी आंबेडकर' असें. सकपाळ मागें राहिलें, गांवावरून आलेलें नांव पुढें चालू लागलें. ह्या घटनेची आठवण म्हणून ७ नोव्हेंबर हा दिवस आपल्या राज्यांतील शाळांत 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळण्यांत येतो. जें आडनांव शाळेंत दाखल होतांना बदलूं शकतें, त्यावरून मुलाची योग्यता ठरविणें हें कसलें शहाणपण?

गायकवाड ह्या शब्दाविषयीं एक कथा सांगतात. घराण्याच्या कोणा पूर्वजानें खाटकाकडे चाललेल्या गायी आपल्या कवाडांतून आंत घेऊन वांचविल्या, म्हणून गाय आणि कवाड मिळून हें नांव पडलें. कथा गोड आहे. परंतु ती खरी धरली तरी आज महाराष्ट्रांत जितके गायकवाड आहेत, तितक्या सर्वांच्या पूर्वजांनीं गायी वांचविल्या असें कोणी म्हणणार नाहीं. निरनिराळ्या जातींत गायकवाड आहेत. आपल्या नाशिक व नगर भागांतील ख्रिस्ती मंडळींतहि आहेत. पवार, जाधव, मोरे ह्यांचेंहि तसेंच. तेव्हां आडनांवावरून जात ओळखूं पाहणारा मनुष्य पुष्कळदां फसतो; आणि फसला नाहीं तरी त्याच्या हातीं उपयोगाचें असें काय लागतें, हें आम्हांस आजवर समजलेलें नाहीं.

रेल्वेच्या गांवांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस एका निराळ्याच गायकवाडाची ओळख करून द्यावीशी वाटते. हा गायकवाड मनुष्य नव्हे, आगगाडी होय. १८६२ सालीं खंडेराव महाराजांच्या कारकीर्दींत डभोई ते मियागाम असा अरुंद रुळांचा मार्ग घालण्यांत आला, आणि आरंभीं त्यावरून डबे ओढण्यास चक्क बैल जुंपीत. पुढें तेथें वाफेचीं इंजिनें आलीं, फांटे वाढले, आणि 'गायकवाड्स बडोदा स्टेट रेल्वे' ह्या नांवानें तो सर्व कारभार १९४९ पर्यंत चालला. पुण्यास नारायण पेठेंत गायकवाडांचा वाडा होता; तो लोकमान्य टिळकांनीं १९०५ सालीं सयाजीरावांकडून विकत घेतला, आणि आज सारें पुणें त्यास केसरीवाडा म्हणतें. आणि मैदानावरचे गायकवाड तर मुलांस आमच्याहून अधिक ठाऊक असतील. १९५९ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत भारताचें नेतृत्व करणारे बडोद्याचे दत्ताजीराव, त्यांचे चिरंजीव अंशुमान, आणि अलीकडचा पुण्याचा ऋतुराज. ऋतुराजनें चेंडू सीमेपार धाडला म्हणजे प्रेक्षकांतून कोणीहि 'कोणते गायकवाड?' असें विचारीत नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.

आडनांव रक्तानें नव्हे तर कामानें कसें पसरतें, ह्याचें दुसरें उदाहरण मनमाडच्या स्थानकावरूनच दाखवितां येईल. गोंदियाहून कोल्हापुरास जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस येथें थांबते आणि दौंड, पुणें, सातारा ह्या मार्गानें पुढें जाते. सांगलीच्या अलीकडे तिच्या वाटेवर किर्लोस्करवाडी नांवाचें स्थानक लागतें. मालवण तालुक्यांतील किर्लोस गांवावरून हें आडनांव निघालें. 'शाकुंतल' १८८० सालीं रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगांवकडच्या गुर्लहोसूरचे, आणि १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढणारे लक्ष्मणरावहि तेथलेच. अण्णासाहेब १८८५ सालीं वारले, तरी त्यांच्यामागें नाटकमंडळी त्यांच्याच आडनांवानें गाजत राहिली. लक्ष्मणरावांनीं १९१० सालीं औंधच्या राजेसाहेबांनीं दिलेल्या माळरानावर नांगरांचा कारखाना घातला. लोखंडी नांगरानें जमिनींत विष कालवलें जातें अशी त्या काळीं शेतकऱ्यांची समजूत होती. ती पुसावयास त्यांस पुष्कळ खटपट करावी लागली. १९२० पासून त्याच माळरानावरून ह्याच नांवाचें मासिकहि निघूं लागलें. आज मनमाडच्या आसपासचा शेतकरी 'माझ्या विहिरीवर किर्लोस्कर आहे' असें म्हणतो, तेव्हां त्यास कोणताहि मनुष्य अभिप्रेत नसतो. तो पंपाविषयीं किंवा इंजिनाविषयीं बोलत असतो.

परंतु ह्याच किर्लोस्करवाडीनें त्या 'कोणते?' चें भयंकर रूपहि पाहिलें आहे. ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता एवढ्याच कारणावरून दक्षिण महाराष्ट्रांत ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं, आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यासहि आग लावण्यांत आली. ज्या कारखान्यावर सर्व जातींच्या कामगारांचें पोट अवलंबून होतें, तो जळाला. मारेकऱ्याशीं ह्या लोकांचा संबंध काय, असें विचारावयास त्या दिवशीं कोणी थांबलें नाहीं. अठरा वर्षांपूर्वीं नाशिकांत रामाच्या दारांतून ज्यांस परत लोटलें, त्यांच्याविषयींहि कोणी थांबून विचारलें नव्हतें. माणूस पाहण्याआधीं त्याचा गट पाहावयाचा, ही संवय सहावीच्या बाकावर लागते आणि मोठेपणीं ती कोणत्या थरास जाईल ह्याचा नेम नसतो.

ह्यावर कांहीं सुज्ञ पालक आम्हांस सुचवितात कीं, आडनांवें मुळींच टाकून द्यावीं; मुलाचें व आईबापांचें नांव लिहावें म्हणजे झालें. कित्येक घरांनीं तसें केलेंहि आहे, आणि त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस आदर वाटतो. तरीहि हा उपाय सर्वांस लागू करावा ह्या मताचे आम्ही नाहीं. किर्लोस्कर ह्या शब्दांत एक कोंकणी खेडें आहे, आंबेडकर ह्या शब्दांत दुसरें आहे. तीं पुसून टाकून मुलांच्या हातीं काय द्यावयाचें? वसई व गोव्याकडील ख्रिस्ती बंधूंचीं डिसोजा, फर्नांडिस, परेरा हीं आडनांवें पोर्तुगीज अमलांत बाप्तिस्म्याच्या वेळीं मिळालीं. त्यांनीं तीं ठेवलीं, आणि वसईकरांनीं आपली मराठीहि ठेवली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेथें आडनांव आड आलें नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जातीचा उल्लेख कोठेंच नको म्हटलें तर शिष्यवृत्ति व सवलती कशा मिळणार? हें खरें आहे. पिढ्यान्‌पिढ्या दारांतून परत लोटलेल्यांच्या मुलांस आज कायद्यानें जो हक्क दिला आहे, तो घेण्यासाठीं ही नोंद लागते. ती लपविण्याचें कारण नाहीं व ती करण्यांत कमीपणाहि नाहीं. परंतु ती नोंद कचेरींत, पालकांच्या समक्ष, एकदां होते. तिचें काम तेथेंच संपतें. वर्गांतील बाक, पाण्याचा नळ, मधली सुटी आणि शिक्षकांची खोली ह्या जागा त्या चौकशीसाठीं नाहींत. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलानें नव्या मित्राचें नांव घरीं सांगितलें म्हणजे 'आडनांव काय?' हा प्रश्न गिळावा आणि 'त्यास काय आवडतें?' असें विचारून पाहावें.

येत्या वर्षापासून आमच्या शाळेंत हजेरी मुलाच्या स्वतःच्या नांवानें घेतली जाईल. एकाच नांवाचे दोघे असल्यास वडिलांचें नांव जोडावें. तसेंच हिवाळ्यांत सहावी व सातवीच्या मुलांची एक सहल काढण्याचें योजिलें आहे. एक दिवस कवळाणें, दुसरा दिवस आंबें व नाशिक. त्या नव्या विद्यार्थ्यानें आपलें नांव सर्वांआधीं दिलें असून त्याच्या खालोखाल त्याच्या शेजाऱ्याचें नांव आहे. ज्या पालकांस मुलांबरोबर यावयाचें असेल, त्यांनीं शाळा उघडतांच वर्गशिक्षकांस कळवावें. गाडींत जागा मोजक्याच आहेत.