निलगिरीवर मत देण्याआधी पान चुरगळा

इन्स्टावर सध्या निलगिरीचे दोन अवतार फिरतायत. एका रीलमध्ये ती बाथरूमच्या शॉवरला टांगलेली असते, गोल-गोल निळसर पानांची छान जुडी. दुसऱ्या रीलमध्ये तीच व्हिलन असते : हे परदेशी झाड जमिनीतलं सगळं पाणी पितं, दिसेल तिथे तोडा! गंमत म्हणजे पहिल्या रीलला लाइक देणारे आपणच आणि दुसरी फॅमिली ग्रुपवर टाकणारेही आपणच. पण आजोबांनी बंगल्याच्या मागे लावलेलं ते उंच, साल सोलवटलेलं झाड नेमकं कुठलं, असं विचारलं तर आपली विकेट पडते.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. घराच्या आवारातल्या निलगिरीचा निकाल 'देशी की परदेशी' या एका प्रश्नावर लावू नका. झाड कुठलं आहे, कुठे उभं आहे आणि त्याची तब्येत कशी आहे, हे तीन प्रश्न आधी विचारा.

पहिला प्रश्न ओळखीचा. आपल्याकडे लांब, कोयत्यासारखं वाकडं पान दिसलं की लोक त्याला निलगिरी म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती ऑस्ट्रेलियन बाभूळ असते. फरक सोपा आहे. पान चुरगळा आणि वास घ्या. विक्ससारखा वास आला तर निलगिरी. काहीच वास नाही, झाडाला पिवळे तुरे आणि वळ्या पडलेल्या शेंगा आहेत, तर बाभूळ. लिंबासारखा वास आला आणि खोड गुळगुळीत, पांढुरकं असेल तर ती लिंबाच्या वासाची निलगिरी. शास्त्रज्ञांनी 1995 मध्ये तिला युकॅलिप्टसमधून काढून कोरिंबिया या वेगळ्या गटात टाकलं, पण आपल्या बोलण्यात ती निलगिरीच राहिली.

आणखी खात्री हवी? पान उजेडासमोर धरा, तेलाचे बारीक ठिपके दिसतात. कळीला टोपी असते आणि फूल उमलताना ती गळून पडते. युकॅलिप्टस या नावाचा अर्थच 'नीट झाकलेलं' असा आहे. खाली पडलेली छोटी, कडक, पेल्यासारखी फळंही खूण सांगतात. ॲपवर झाड शोधणार असाल तर नुसत्या पानाचा फोटो टाकू नका, साल आणि फळही दाखवा. कारण याच झाडाची कोवळी पानं आणि जून पानं इतकी वेगळी असतात की दोन वेगळी झाडं वाटावीत.

इथेच त्या शॉवरवाल्या जुडीचं गुपित आहे. 'सिल्व्हर डॉलर' नावाने विकली जाणारी ती गोल पानं म्हणजे झाडाचं बालपण. पानं तशीच राहावीत म्हणून फुलांचा धंदा करणारे झाड सतत खाली छाटत राहतात. मूळचं ते ऑस्ट्रेलियातल्या थंड भागातलं, त्यामुळे मुंबईच्या दमट हवेत बाल्कनीतल्या कुंडीत त्याचं जमणं अवघड. जुडी विकत आणा, हौस भागवा. रोप आणण्याआधी मात्र दहादा विचार करा.

आता पाण्याचा मुद्दा. तो खोटा नाही. टिपू सुलतानाच्या काळात नंदी हिल्सवर आलेलं हे झाड पुढे निलगिरीच्या डोंगरांत सरपणासाठी लावलं गेलं आणि डोंगराचंच नाव त्याला चिकटलं. नंतर सामाजिक वनीकरणाच्या लाटेत ते बांधावर आणि रस्त्याकडेला पोचलं. भराभर वाढणारं झाड पाणीही तसंच ओढतं. कर्नाटकाने 2017 मध्ये त्याच्या नव्या लागवडीवर बंदी आणली ती उगाच नाही. पण कमी पावसाच्या प्रदेशात हजारो झाडांची शेती करणं वेगळं आणि आवाराच्या कोपऱ्यातलं एक जुनं झाड वेगळं. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढण्यात अर्थ नाही. त्या एका झाडाच्या फुलांवर मधमाश्या येतात, त्याची सावली पडते. ते तोडलं की त्या जागी बहुतेक वेळा पार्किंगच येतं, हेही आपण पाहतोच.

मग 'झाड वाचवा' म्हणत गप्प बसायचं का? तेही नाही. निलगिरी सहज 20-25 मीटर उंच जाते, म्हणजे सात-आठ मजली इमारत. ती घराच्या भिंतीला, विहिरीला किंवा ड्रेनेजच्या लाइनला खेटून उभी असेल तर प्रश्न भावनेचा उरत नाही. साल सोलवटणं हा तिचा स्वभाव आहे, तो रोग नव्हे. पण खोडाला उभी भेग, बुंध्यापाशी अळंबी, एका बाजूची उचललेली माती, नव्याने आलेला कल किंवा छपरावर लोंबणारी वाळकी फांदी दिसली तर वळवाच्या पावसाची वाट बघू नका. जाणकार माणसाला आधी दाखवा. वाळलेली साल आणि पानंही साठू देऊ नका. त्यांत तेल असतं, ती चटकन पेट घेतात.

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे सोसायट्यांचा लाडका : अर्ध्यावरून शेंडा उडवणे. तेवढ्यापुरतं झाड बुटकं होतं आणि सगळे खूश होतात. मग सालीखालचे डोळे फुटून झुबक्याने फांद्या येतात. त्या भराभर वाढतात, पण त्यांची पकड वरवरची असते. पुढे वादळात त्याच आधी मोडतात. म्हणजे पैसे मोजून आपण धोका वाढवून घेतो. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे बुंध्याला भोकं पाडून गुपचूप ॲसिड ओतणे. मेलेलं झाड उभंच राहतं, कधी आणि कुणावर पडेल ते सांगता येत नाही.

तोडायचंच ठरलं तर रीतसर तोडा. शहरात 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. 'झाड माझ्या अंगणातलं आहे' हे कारण तिथे चालत नाही. महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मोठ्या छाटणीसाठीसुद्धा आधी विचारलेलं बरं. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे. आजोबांच्या निलगिरीचं वय मोजायला हरकत नाही! अर्ज एप्रिलच्या आधी गेला तर पावसाआधी काम व्हायची शक्यता जास्त.

आणि तोडल्यावर विषय संपत नाही. निलगिरीचं खोड पुन्हा फुटतं. त्या फुटव्यांची पानं रुंद असतात, त्यामुळे लोकांना ते दुसरंच झाड वाटतं आणि ते सुखाने वाढू देतात. झाड नको असेल तर फुटवे कोवळे असतानाच मोडत राहा, दमेपर्यंत. त्या जागी आपल्या हवेत रुळलेलं, आवाराला झेपेल असं झाड लावा. जागा असेल तर बहावा, कमी असेल तर कढीपत्ता.

नवी निलगिरी घरी लावू नका, इतकं मी बिनधास्त सांगेन. जुनी मात्र एखाद्या रीलच्या जोरावर पाडूही नका आणि नुसत्या प्रेमापोटी छपरावर झुकूही देऊ नका. या रविवारी फोन खिशात ठेवून आवारात जा, खाली पडलेलं एक पान उचला आणि चुरगळा. पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये निदान एका माणसाला तरी आपण कुठल्या झाडाबद्दल बोलतोय हे माहीत असेल.