तुळजापूर नावाची रमी

हल्लीच्या मुलांचा पाताळाशी भलताच घरोबा असतो. आमचे भाचेबुवा पुण्याहून अणदूरला आले, की देवळात जायच्या आधी लॅपटॉपवर दोन-चार राक्षस लोळवून मोकळे होतात. त्या खेळांतली नावे मला आधी गोळ्या-औषधांची वाटली. पण छे! त्यातली काही चक्क वेल्समधली निघाली.

वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला चिमुकला देश. भाषा स्वतःची, आणि ‘डब्ल्यू’ला स्वर मानणारी! नाव वाचता आले नाही की ते गूढ वाटते, म्हणून खेळवाल्यांची त्यावर फार भक्ती. ग्वेंट हा तिथला खराखुरा परगणा. पण ‘द विचर ३’ या २०१५ सालच्या पोलिश खेळाच्या इंग्रजी अवतारात ग्वेंट म्हणजे पत्त्यांचा डाव! आता आमचे अणदूर तुळजापूर तालुक्यात. उद्या वॉर्सात कुणी ‘तुळजापूर’ नावाची रमी काढली, तर चालेल आपल्याला? कोरियावाल्यांनी तर २००४ सालीच कमाल करून ठेवलीय. खेळाचे नाव ‘माबिनोगी’, म्हणजे वेल्सच्या जुन्या कथांचे. आणि आत दैवते आयर्लंडची. पुठ्ठा ज्ञानेश्वरीचा, आत तुलसीरामायण!

यावर आमचे देशाभिमानी स्नेही गरजतात, “मग आपला खंडोबा घाला की खेळात!” नको रे बाबा. ते त्याच्या हाती खंडा देणार, मणी-मल्ल मारायला लावणार आणि वर शंभर मोहरा बक्षीस. म्हाळसेशी सारीपाटात हरून बाणाईची मेंढरं राखणारा देव त्यात बसायचा कुठं? मणी शेवटी शरण येतो, वर मागतो, देवापाशी जागा मिळवतो. त्याला कुठलं बटण दाबायचं?

नाव उचलायला माझी ना नाही. गोष्ट तिथंच टाकून नुसतं नाव उचलायला आहे. मूळ माबिनोगीत पुइल नावाचा राजा परलोकाच्या राजाशी, अराउनशी, वर्षभर जागा बदलतो. रूपसुद्धा त्याचंच घेतो. पण त्याच्या राणीला बोट लावत नाही. मुदत संपली, राज्य जसंच्या तसं परत.

अणदूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. आमचा खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात. देवळं दोन, मूर्ती एकच. देव नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी रीतसर लेखी करार करतात. साक्षात देवाच्या बाबतीत, तेही शेजारच्या गावाशी!

ग्वेंट नेताना वॉर्सावाल्यांनी असा एखादा कागद केला होता का, आणि परत आणून देण्याची मिती त्यात कोणती घातलीय, एवढंच मला विचारायचंय.